वाचकांचे प्रश्न : सात वचनं आणि पाऊण तास

प्रश्न : आमच्या वाडीत दर गुरुवारी रात्री आठ-दहा जण जमतो, जास्त करून बायकाच. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, फादर म्हणाले की या वेळी बायबल हळूहळू, मनन करत वाचा. आम्ही ठरवलं पण होतं काय की अध्याय वाचून झाला की आमच्यातले एक काका अर्धा तास समजावून सांगतात. ते अभ्यास करून येतात, चुकीचं काही बोलत नाहीत, पण बाकी सगळे गप्प. दोन-तीन जणी यायच्या बंद झाल्यात. काकांना दुखवायचं नाहीये. हळू वाचायचं म्हणजे नक्की करायचं काय?
— एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना आमच्या ग्रुपची पहिली दोन वर्षं डोळ्यासमोर आली. आमच्याकडेही हेच चालायचं, फक्त समजावून सांगणारी मी होते. मी पुस्तकं वाचून जायचे, यरीहो कुठे, यरुशलेम कुठे सगळं सांगायचे, बायका माना डोलवायच्या आणि घरी जायच्या, आणि कोणी काही बोलत नाही म्हणजे सगळ्यांना पटलंय असं मी धरून चालायचे. तसं नव्हतं. त्या गप्प होत्या कारण त्यांना बोलायला जागाच नव्हती.

पहिली गोष्ट, अध्याय सोडा. सहा-सात वचनं बस झाली, अगदी दहाच्या वर नको. आपल्याकडे पारायण काय असतं ते सगळ्यांना माहितीये, ठरलेल्या दिवसांत ग्रंथ पुरा करायचा. त्याचं पुण्य त्याच्या जागी, पण हे पारायण नाही. हे रवंथ आहे. गाय भराभर चरते आणि मग सावलीत बसून तेच पुन्हा तोंडात आणून चावत राहते ना, तसं. जुने ख्रिस्ती संन्यासी अगदी हाच शब्द वापरायचे, लॅटिनमध्ये रवंथालाच जो शब्द आहे तो वचन मनात घोळवण्यासाठी. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या डोंगरात कार्थुसी संन्याशांच्या मठाचे प्रमुख होते दुसरे ग्विगो, त्यांनी आपल्या एका मित्राला पत्रात चार पायऱ्यांची शिडी लिहून दिली : वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवाजवळ नुसतं शांत बसणं. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, असं ते सांगतात, आणि 'जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य' हे एवढंसं वचन द्राक्षासारखं तोंडात धरून त्याचा रस कसा निघतो ते दाखवतात. एका वाक्यावर केवढा वेळ घालवलाय त्या माणसाने!

ग्रुपमध्ये हे कसं करायचं याची एक साधी रीत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने १९७० च्या दशकात बसवली, सात पायऱ्यांची, आपल्याकडेही लहान ख्रिस्ती समूहांत बऱ्याच ठिकाणी तीच चालते. सगळ्या पायऱ्या इथे लिहीत नाही, तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) विचारा, कोणाकडे तरी कागद असेलच. पण तिचा जीव तिसऱ्या-चौथ्या पायरीत आहे तेवढं सांगते. उतारा वाचून झाला की ज्याला जो शब्द किंवा तुकडा लागला तो त्याने फक्त मोठ्याने उच्चारायचा, सावकाश, तीन वेळा, मध्ये थोडं थांबून. का लागला ते सांगायचं नाही. अर्थ सांगायचा नाही. मग सगळ्यांनी चार-पाच मिनिटं गप्प बसायचं, घड्याळ लावून. त्यानंतर बोलायचं, आणि वाक्य 'मला' पासून सुरू करायचं, 'आपण सगळ्यांनी' पासून नाही, कारण 'आपण सगळ्यांनी' म्हटलं की प्रवचन सुरू झालंच. कोणाला मध्ये तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. शेवटी छोट्या प्रार्थना, ज्याला जमेल त्याने.

ती पाच मिनिटं पहिल्यांदा फार जड जातात हे आधीच सांगून ठेवते. कोणीतरी खाकरतं, कोणीतरी मध्येच गीत सुरू करायला बघतं, बाहेर रिक्षा जाते ती ऐकू येते. तिथे घाबरून बोलायला लागू नका, तीन-चार गुरुवार जाऊ द्या.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मार्क १०:४६-५२ घेतलं होतं, आंधळा भिकारी बार्तीमय, येशू त्याला बोलावतो तेव्हा तो आपलं वस्त्र टाकून उडी मारून उठतो. एक मावशी आहेत, जन्मभर पहाटेची गाडी पकडून दादरला भाजी घेऊन बसल्या, माझ्या सगळ्या भाषणांत दोन वर्षं त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी तीनदा म्हटलं, 'वस्त्र टाकून'. शांतता झाल्यावर म्हणाल्या, मला ते कापड दिसलं, आम्ही गोणपाट पसरून बसतो ना तसं, पैसे त्याच्यावरच पडत असतील, त्याने ते उचललं नाय, आतले पैसे पण मोजले नाय, धंदाच टाकला त्याने, आणि अजून दिसायला पण लागलं नव्हतं त्याला. मी हा उतारा कितीदा शिकवला होता, ते वस्त्र मला कधी दिसलंच नव्हतं. त्या रात्री त्यानंतर कोणी फार बोललं नाही, उशिरापर्यंत बसून राहिलो.

आता काका. त्यांना गप्प करू नका, त्यांचा अभ्यास ही तुमच्या ग्रुपची ठेव आहे. बार्तीमय म्हणजे तीमयाचा मुलगा, 'रब्बूनी' म्हणजे माझ्या गुरुजी, हे कोणीतरी सांगायलाच पाहिजे. त्यांना सुरुवातीची पाच मिनिटं द्या, आणि महिन्यातून एक अख्खा गुरुवार फक्त अभ्यासाचा ठेवा, तो त्यांचा. बाकीच्या वेळी पहिलं वाचन त्यांनाच करू दे. आणि हे त्यांना चारचौघांत नाही, घरी जाऊन चहा घेता घेता सांगा.

अजून एक, आणि हे फार मनापासून सांगते : तिथे बोललेलं तिथेच राहिलं पाहिजे. वाडीत एका घरचं दुसऱ्या घरी जायला वेळ लागत नाही. एका बाईने सुनेबद्दल रडून सांगितलेलं सकाळी नळावर पोचलं तर ती तर बोलणार नाहीच, ऐकणाऱ्याही पुन्हा बोलणार नाहीत. दर वेळी सुरुवातीला एकदा आठवण करून द्या, आपलीच माणसं आहेत म्हणून सोडू नका.

प्रश्न : आम्ही प्रोटेस्टंट आहोत. तरुण संघात अशी पद्धत सुरू करायची म्हटलं तर आमचे पाळक म्हणतात ही कॅथलिक मठांची पद्धत आहे आणि प्रत्येकजण आपल्या मनाचा अर्थ काढत बसेल. त्यांचं बरोबर आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिलं म्हणणं अर्धंच बरोबर. प्रोटेस्टंट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या मार्टिन ल्यूथरना त्यांच्या न्हाव्याने, पीटर त्याचं नाव, प्रार्थना कशी करायची विचारलं तेव्हा १५३५ मध्ये त्यांनी त्याच्यासाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात ते सांगतात की दहा आज्ञांतली प्रत्येक आज्ञा घेऊन मी तिची चार पदरी माळ करतो : यात शिकवण काय, उपकार कशाचे मानू, कबुली कसली देऊ आणि मागू काय. म्हणजे तेही सावकाश, एकेका ओळीला धरून प्रार्थनेपर्यंत जाणंच आहे. पाळकसाहेबांना हे जरूर सांगा.

दुसरी भीती मात्र खरी आहे, ती झटकून टाकू नका. वचनात काय लिहिलंय आणि ते मला आज काय म्हणतंय हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिला आधी सुटला पाहिजे. मी वर म्हटलं की सल्ला द्यायचा नाही, त्याला एक अपवाद आहे. एका ठिकाणी 'दुसरा गाल पुढे कर' वाचून एक मुलगी म्हणाली, देव मला सांगतोय की नवऱ्याचा मार सोसायचा. तिथे गप्प बसणं हे पाप आहे असं मी स्पष्ट म्हणेन. ग्रुप चालवणाऱ्याने तेव्हाच्या तेव्हा शांतपणे सांगायचं की येशू हे सांगत नाहीये, आणि नंतर तिला एकटीला भेटून मदतीपर्यंत पोचवायचं. म्हणून असा ग्रुप चालवायला शास्त्र नीट शिकलेलं एक माणूस जवळपास हवंच. पाळकांनाच बोलवा, पण महिनाभर फक्त ऐकायला.

प्रश्न : यासाठी मराठी बायबल कोणतं घ्यावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घरात आहे ते. जमलं तर दोन वेगळी भाषांतरं ठेवा, पहिलं वाचन एकातून, दुसरं दुसऱ्यातून, शब्द बदलला की कान उघडतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल मोठ्याने वाचायला छान आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं भाषांतर करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली, १९२२ मध्ये त्या गेल्या, छापून नंतर आलं. कुठे मिळालं तर एखादा उतारा त्यातून वाचून बघा. आणि बोलताना आपापल्या बोलीत बोला, सामवेदी, वाडवळी, काय असेल ते. प्रमाण मराठीत बोलायचं म्हटलं की आमच्या मावशींसारख्या बायका तोंडच उघडत नाहीत.

प्रश्न : लग्नानंतर मी गुजरातमध्ये आहे, इथे मराठी ग्रुप नाही. एकटीने जमेल का?
— एक वाचक

उत्तर : एकटीनेही जमतं, संन्याशांनी जास्त करून एकट्यानेच केलंय. ना. वा. टिळकांना आगगाडीत एका अनोळखी माणसाने नवा करार दिला, तोही त्यांनी एकट्यानेच वाचला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकले आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण दोघी असाल तर बरं. बहिणीला किंवा मैत्रिणीला आठवड्यातून एकदा फोन लावा, एकीने वाचायचं, फोन चालू ठेवून दोघींनी गप्प बसायचं, मग बोलायचं. सुरुवात लूक २४ पासून करा, अम्माऊस गावाच्या वाटेवरचे येशूचे ते शिष्यही दोघंच होते. पहिल्या आठवड्यात १३ ते १७ एवढंच. सतराव्या वचनात येशू त्यांना विचारतो की चालता चालता काय बोलताय, आणि ते तोंड उतरवून उभे राहतात. तिथेच थांबा, पुढचं पुढच्या आठवड्यात.