मातृभाषा स्पॅनिश असेल तर इंग्रजी व्याकरणाचा आणि शब्दांचा सराव कसा करावा?

तुमची वहिनी कोलंबियाची, लग्न होऊन पुण्यात आलेली. क्लासच्या बाईंनी तिला सांगितलंय, ‘स्पॅनिश डोक्यातून काढून टाक, इंग्रजीतच विचार कर.’ सराव कसा करावा आणि ॲप कोणतं, हे तुमचे प्रश्न; पण मी लिहायला बसले ती बाईंच्या त्या एका वाक्यामुळे. हा सल्ला साफ चूक आहे. मोठ्या माणसाच्या डोक्यातून मातृभाषा निघत नाही आणि काढायची गरजही नसते.

2013 साली आम्ही स्पेनमध्ये वायादोलिदला राहत होतो. संध्याकाळी मी एका खाजगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचे. तिथे अशा क्लासला आकादेमिया म्हणतात. देशात बेकारी 25 टक्क्यांच्या वर गेली होती आणि तरुण नर्सेस इंग्लंड-आयर्लंडमधल्या नोकऱ्यांसाठी इंग्रजी शिकत होत्या. क्लासचा नियम एकच, वर्गात स्पॅनिशचा एकही शब्द काढायचा नाही.

माझ्याकडे अशीच एक नर्स होती. अभ्यासू, शब्द भरपूर पाठ. पण वहीत दर आठवड्याला तेच: ‘इज इन द सेकंड फ्लोर. इज व्हेरी नर्व्हस. सेज दॅट हॅज पेन.’ कोण? बाई की पुरुष? मी लाल पेनाने ‘शी’ घालायचे, ती मान डोलवायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. असे दोन महिने गेले.

मग एका संध्याकाळी मी नियम मोडला. फळ्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलं, ‘एस्ता नेर्विओसा’. त्याच्याखाली देवनागरीत, ‘घाबरली आहे’. आणि तिच्याच भाषेत तिला सांगितलं: बघ, माझ्या भाषेतही कर्ता गाळला तरी चालतो, कारण ‘घाबरली’ म्हटलं की बाई आहे हे कळतंच. तुझ्या ‘नेर्विओसा’मधला शेवटचा ‘आ’ तेच काम करतो. ‘आब्लो’ म्हटलंस की ‘मी’ त्या ‘ओ’मध्येच आला. इंग्रजीतले हे प्रत्यय झिजून गेलेत. ‘नर्व्हस’वरून ना बाई कळते ना पुरुष, म्हणून तिथे ‘शी’ला उभं करावंच लागतं. पाऊस पडतोय म्हणायला तुला ‘यूएबे’ हे एक क्रियापद पुरतं, इंग्रजीत तिथेही ‘इट’ लागतो.

तिने माझ्या हातातून खडू घेतला, ‘नेर्विओसा’च्या शेवटच्या अक्षराला गोल केला आणि तिथून बाण काढून ‘शी’पर्यंत नेला. त्यानंतर तिच्या वहीत ती चूक क्वचितच दिसली.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बोलावून घेतलं. फळा त्यांनी पाहिला होता. म्हणाले, विद्यार्थी पैसे देतात ते इंग्रजी ऐकायला. मी म्हटलं, पैसे देतात ते इंग्रजी यावं म्हणून. सत्र संपल्यावर मला पुन्हा बोलावलं नाही. आज इतक्या वर्षांनीही माझं म्हणणं तेच आहे: चूक जिथून येते तिथेच जाऊन ती धरावी लागते, आणि ती येते मातृभाषेतून.

वहिनीच्या चुकाही अशाच असणार. ‘पीपल इज’ म्हणत असेल, कारण स्पॅनिशमध्ये ‘ला खेन्ते’ एकवचनी आहे. (आपण ‘लोक आहेत’ म्हणतो, त्यामुळे आपल्याला तिथे अडत नाही.) ‘आय अॅम अॅग्री’ म्हणत असेल, कारण तिकडे ‘सहमत असणे’ असतं, ‘सहमत होणे’ नाही. वय सांगताना ‘आय हॅव थर्टी इयर्स’. यातली प्रत्येक चूक स्पॅनिश वाक्याखाली इंग्रजी वाक्य मांडून, बाण काढून सुधारता येते.

शब्दांच्या बाबतीत तर ती आपल्यापेक्षा सुखी आहे. 1066 नंतर नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच इंग्लंडात गेली आणि लॅटिन वळणाचे ढीगभर शब्द इंग्रजीत आले. त्यामुळे ‘उनिबेर्सिदाद’ला ‘युनिव्हर्सिटी’, ‘आतेन्सिओन’ला ‘अटेन्शन’ हे तिला फुकट मिळतं. ‘पोस्टपोन’ तिला पटकन कळेल, अडेल ती ‘पुट ऑफ’ला. म्हणून जाड शब्दांच्या याद्या पाठ करू नका म्हणावं. गेट, पुट, टेक यांच्या मागे अप, ऑफ, आउट लागून काय होतं त्यावर वेळ घालवायचा. आणि फसव्या शब्दांची वेगळी वही हवी: ‘कार्पेता’ म्हणजे कार्पेट नव्हे, फाइल, ‘आसिस्तिर’ म्हणजे मदत करणं नव्हे, हजर राहणं, ‘आक्तुआलमेन्ते’ म्हणजे अॅक्च्युअली नव्हे, सध्या. जाता जाता तिला ‘पगार’ही सांगा. तो पोर्तुगीजांकडून मराठीत आला आणि तिच्या भाषेत ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. मराठी शिकायलाही तिला हुरूप येईल.

ॲप कुठलंही घ्या, रोज उघडलं जाईल ते.

उच्चारांना मात्र ही युक्ती लागू नाही. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, त्यामुळे शिप आणि शीप तिच्या कानाला एकच वाटणार. तिथे ऐकणं आणि बोलणं याला पर्याय नाही, आणि तेवढ्यापुरतं क्लासच्या बाईंचं बरोबर आहे. शिवाय माझा अनुभव स्पेनचा, शिकणारी सगळी मोठी माणसं. लहान मुलांना हे बाण वगैरे दाखवू नयेत.

सुरुवात आईला पाठवते त्या मेसेजपासून करू द्या. त्या दिवशीची पाच स्पॅनिश वाक्यं वहीत उतरवायची, खाली इंग्रजी लिहायचं, आणि क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराला गोल करून बाण काढायचा. अडलं तर तिची वाक्यं इथेच टाका, मी बघेन.