अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांच्या गोधड्यांचा आणि सस्टेनेबल कपड्यांचा काय संबंध?

थेट संबंध आहे. अलाबामात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे, तिथले बहुतेक लोक कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज, अनेकांचं आडनाव पेटवे, म्हणजे मळ्याच्या मालकाचंच! दिवसभर कापूस वेचणाऱ्या बायकांना नवं कापड परवडायचं नाही, मग विटलेल्या डेनिम पँटी, पिठाची पोती, जुने शर्ट जोडून गोधड्या शिवायच्या आणि खिसा उसवल्यावर उरलेला गडद निळा चौकोन तसाच दिसू द्यायचा, तेच डिझाईन. 1966 ला त्या भागात फ्रीडम क्विल्टिंग बी ही को-ऑपरेटिव्ह निघाली, 1972 ला सिअर्स या मोठ्या अमेरिकन दुकान-कंपनीचं कॉर्डरॉयच्या (उभ्या रेघांच्या जाड सुती कापडाच्या) उशीकव्हरांचं काम मिळालं तर त्याच्या उरलेल्या तुकड्यांच्या पण गोधड्या झाल्या. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन लागलं.

आपल्या शेजारीच उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंद म्हणजे त्यांच्याकडची गोधडी शिवतात, टाके कडेपासून गोल गोल मध्याकडे नेत, चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावून. जुन्या साड्या, लुगडी सगळं त्यात जातं.

आता पुढचं, म्हणजे आजच्या कपड्यांचं. सुती-पॉलिस्टर मिक्स कापड रिसायकल करणं फार अवघड आहे, सुताचा धागा नि पॉलिस्टर वेगळं काढावं लागतं. म्हणून मला वाटतं एकाच धाग्याचं, उसवून परत वापरता येईल असं कापड बनवणं हीच खरी दिशा, आणि ब्रँडनी हे पॅटर्न उचलले तर त्या बायकांना नाव आणि पैसे दोन्ही मिळालेच पाहिजेत, नुसतं 'इन्स्पायर्ड' लिहून चालणार नाही.