शून्य व्याजाचा ग्रुपसेट आणि तीन टक्क्यांचे कार्ड

प्रश्न : माझी रोड बाईक ३ वर्षांपूर्वीची असून तिला शिमानो टियाग्राचा १० स्पीडचा (मागे १० गिअरचा) ग्रुपसेट, म्हणजे गिअर, चेन, ब्रेक वगैरे भागांचा संच, आहे. चढावर गुडघे दुखतात आणि हल्ली जोर दिला की चेन सटकते. अल्टेग्रा डीआय२ हा १२ स्पीडचा इलेक्ट्रॉनिक ग्रुपसेट बसवण्याचा विचार आहे. तो क्रेडिट कार्डावर शून्य व्याजाच्या १२ हप्त्यांत घ्यावा, की रोखीवरील ८ टक्के सवलतीसाठी थांबावे? पुढच्या वर्षी विमा पॉलिसीचा बोनस येणार असल्याने पैशांची अडचण नाही. पत्नी नोकरी करत नाही, मुलगी ५ वर्षांची आहे.

उत्तर : रकमा छापू नयेत, अशी आपली विनंती असल्याने आपले हाती येणारे मासिक उत्पन्न १०० धरून पुढचा हिशेब मांडतो. या मापाने ग्रुपसेटची किंमत १५० भरते, आणि ज्या सायकलवर तो चढणार आहे ती सायकल आपण १३० ला घेतली होती.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. रोखीने हीच वस्तू १३८ ला मिळते. हप्त्यांनी घेतल्यास दरमहा साडेबाराप्रमाणे १५० जातात. फरक १२ चाच दिसत असला, तरी मुद्दल दर महिन्याला फिटत जात असल्याने वर्षभरात सरासरी निम्मीच रक्कम आपल्याकडे उधार राहते, आणि त्या हिशेबाने वार्षिक दर १६ टक्क्यांच्या आसपास जातो. प्रक्रिया शुल्क निराळे. तेव्हा हप्ते नकोत. मात्र रोखीनेही घ्या, असे मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे रोख नाही.

कार्डावर मर्यादा शिल्लक आहे हे दाखवण्यासाठी आपण त्याचे विवरणपत्र जोडले आहे, आणि माझे लक्ष तिथेच अडकले. कार्डावर ९० थकीत आहेत, व्याजाचा दर महिन्याला ३ टक्के आहे आणि आपण प्रत्येक वेळी फक्त किमान देय रक्कम, म्हणजे थकबाकीच्या ५ टक्के, भरत आला आहात. या महिन्याच्या साडेचारपैकी २.७ व्याजात गेले आणि मुद्दल कमी झाले जेमतेम १.८ ने. या गतीने, कार्डावर एकही नवी खरेदी केली नाही तरी, थकबाकी निम्मी व्हायला जवळपास ३ वर्षे लागतील. शिवाय थकबाकी पुढे ओढली जात असताना नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही सहसा मिळत नाही, त्यामुळे किराणा आणि पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागत असणार. पत्रात याविषयी एक शब्दही नाही. ‘कार्ड नियमित भरतो’ एवढेच आपण लिहिले आहे.

आता दरमहाचा ताळा. घरखर्च ५५, घराचा हप्ता २५, विम्याचा हप्ता ८, कार्डाची किमान रक्कम साडेचार, उरतात साडेसात. त्यात साडेबाराचा नवा हप्ता बसत नाही. कमी पडणारे ५ दर महिन्याला पुन्हा कार्डावरच जातील, म्हणजे शून्य व्याजाच्या वस्तूसाठी आपण ३ टक्के मासिक व्याजाने उधारी कराल.

यावर आपले उत्तर ‘बोनस येणार आहे’ असे आहे. पॉलिसीचे पत्रकही आपण पाठवले, हे बरे केले. त्यात बोनसच्या रकमेसमोर देय तारीख म्हणून मुदतपूर्तीची तारीख छापलेली आहे, आणि ती ११ वर्षांनंतरची आहे. पुढच्या वर्षी काहीही मिळणार नाही. एजंटाने तोंडी काय सांगितले याला छापील कागदापुढे किंमत नाही, आणि ४ वर्षे हप्ते भरणाऱ्या ग्राहकाने एवढी एक ओळ वाचलेली नसावी, यावर तर त्याचा धंदा चालतो.

त्याच पत्रकातले पुढचे आकडे अधिक गंभीर आहेत. दरमहा ८ प्रमाणे १५ वर्षांत आपण १,४४० भराल आणि हाती अंदाजे २,१६० येतील. दीडपट ऐकायला बरे वाटते. वार्षिक परतावा निघतो ५ टक्के. कार्डावर सरळ हिशेबाने ३६ टक्के मोजणारा माणूस इकडे ५ टक्क्यांसाठी बचत करतो आहे. आणि हा विमा म्हणावा, तर संरक्षण आहे ९६० चे, म्हणजे दहा महिन्यांच्या पगारापेक्षाही कमी. न कमावणारी पत्नी, ५ वर्षांची मुलगी आणि घराचे कर्ज असताना निदान १० वर्षांचे उत्पन्न, म्हणजे १२,००० चे संरक्षण हवे. ते साध्या मुदत विम्यात, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्यात, घ्यावे. परतावा नसलेला विमा म्हणजे ‘पैसे वाया’ असे आपल्याला सांगण्यात आले आहे. असे सांगणाऱ्याला कमिशन कुठल्या पॉलिसीवर जास्त मिळते, एवढे विचारून पाहा.

आता सायकलकडे येतो, कारण दुकानाचे कोटेशनही मी वाचले. आपली तक्रार चढाची आहे. सध्या पुढे, पेडलपाशी, ५०-३४ दातांच्या चेनरिंग (दातेरी चकत्या) आणि मागे ११-२८ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरील चकत्यांचा संच) आहे, म्हणजे सर्वांत हलका गिअर ३४ भागिले २८, साधारण १.२१; हा आकडा जितका लहान, तितका चढ सोपा. कोटेशनमधल्या ग्रुपसेटला पुढे ५२-३६ आणि मागे ११-३० आहे; ३६ भागिले ३०, म्हणजे १.२. सव्वा-दीड महिन्याचा पगार घालून चढावरचा गिअर आहे तिथेच राहणार! बटण दाबताच गिअर अचूक पडेल हे खरे. इलेक्ट्रॉनिक गिअर उत्तम चालतात, पण गुडघ्याला त्याचा उपयोग नाही.

उलट मागे ११-३४ ची कॅसेट बसवली तर हलका गिअर थेट १ वर येतो. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर ताशी साडेसात किलोमीटरने चढताना आज आपले पाय मिनिटाला ४९ फेरे मारतात. तेव्हा ते ६० मारतील आणि दर फेऱ्याला लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी होईल. त्यासाठी लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि पुरेशा लांबीची नवी चेन लागेल. चेन तशीही बदलायची आहे. ३ वर्षे एकच चेन वापरल्याचे आपणच लिहिले आहे, आणि जोर देताच सटकणे हे झिजलेल्या चेन-कॅसेटचे नेहमीचे लक्षण आहे. चेन-चेकर, म्हणजे चेनची झीज मोजणारे साधन, ०.७५ टक्क्यांच्या पुढे गेला असेल, तर १० स्पीडची चेन संपली असे समजावे. झिजलेल्या कॅसेटवर नुसती नवी चेन टाकली तर ती सटकतच राहते. गिअरच्या केबलही त्याच वेळी बदलून घ्या. या सगळ्याचा मजुरीसह ११ चा अंदाज आपल्याच मेकॅनिकने दिला होता, तो आपण पत्रात जाता जाता लिहिला आहे.

कोटेशनमध्ये मागच्या चाकाचा उल्लेख नाही, हेही लक्षात आणून देतो. १२ स्पीडच्या या कॅसेटला ११ स्पीडच्या रुंदीचा फ्रीहब (चाकाच्या मध्यावरचा, कॅसेट बसवायचा भाग) लागतो. आपल्या चाकाचा फ्रीहब जुन्या, अरुंद मापाचा निघाला तर नव्या चाकाचा खर्च वेगळा येईल. हलकेपणाचा मुद्दा मी धरत नाही : स्वार आणि सायकल मिळून ८० किलो असताना पाव किलो वाचले, तर तासाभराच्या चढात १०-१२ सेकंद मिळतात. पुढे विकताना पैसे वसूल होतील, ही आशाही सोडा; १३० च्या जुन्या सायकलवर १५० चे भाग चढवले म्हणून कोणी तिचे २८० देत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा. कार्ड आजपासून खरेदीसाठी बंद. पुढच्या दोन महिन्यांच्या शिलकीतून ११ चे काम करून घ्या; हा खर्च मी अडवणार नाही, कारण झिजलेली चेन पुढच्या चेनरिंगही खाते. त्यानंतर शिलकीचे साडेसात आणि किमान रकमेचे साडेचार असे दरमहा १२ कार्डात भरले, तर थकबाकी साधारण ९ महिन्यांत संपेल. पॉलिसीवर कर्ज मिळत असेल आणि त्याचा दर कार्डापेक्षा बराच कमी असेल, तर ते घेऊन कार्ड आधीच मिटवावे. मात्र नवी खरेदी करून ते पुन्हा भरायचे नाही, या अटीवर.

मुदत विम्याचा अर्ज याच महिन्यात करा आणि तो मंजूर होऊन कागद हाती येईपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका. दरम्यान कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज पॉलिसी सोडली तर मिळणारी रक्कम, आणि हप्ते थांबवून ती तशीच ठेवली तर मुदतीअखेर मिळणारी रक्कम. ४ वर्षांत भरलेले ३८४ या निर्णयात धरू नयेत, ते गेले आहेत. पुढच्या ११ वर्षांच्या हप्त्यांवर काय मिळते एवढेच पाहायचे आहे. ते पत्र आले की मला पाठवा, आणि तोवर एजंटाने पुढे केलेल्या कोणत्याही नव्या अर्जावर सही करू नका.