‘मी तर फक्त पिक्चर बघितला’: टॉरंट आणि जर्मनीतली नोटीस

प्रश्न आखेनमध्ये शिकणाऱ्या सांगलीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. तिघं मिळून एका फ्लॅटमध्ये राहतात, इंटरनेट याच्या नावावर. एका शनिवारी त्याने टॉरंटवरून एक इंग्रजी सिनेमा उतरवला आणि लॅपटॉप रात्रभर तसाच चालू राहिला. काही आठवड्यांनी म्युनिकच्या वकिलांचं जाडजूड पाकीट आलं: सिनेमा बेकायदा वाटल्याबद्दल ९०० युरोंहून जास्त रक्कम भरा आणि सोबतच्या हमीपत्रावर, म्हणजे ‘हा सिनेमा पुन्हा वाटणार नाही’ या लेखी वचनावर, सही करून ते १० दिवसांत पाठवा. रूममेट म्हणतो फेकून दे. वडील म्हणतात भरून मोकळा हो, व्हिसाला लागायला नको. त्याचं स्वतःचं म्हणणं, ‘मी तर फक्त पिक्चर बघितला, अपलोड काहीच केलं नाही.’

तुमच्या या शेवटच्या वाक्यातच सगळी गोम आहे. टॉरंटमध्ये नुसतं घेणं नसतं. फाइलचा जो तुकडा तुमच्याकडे येतो, तो तुमचा लॅपटॉप लगेच इतरांना द्यायला लागतो. पंगतीला बसलात आणि वाढपाची बादलीही हातात आली, असं समजा. कायदा पकडतो ते हे वाढणं. ‘अख्खा सिनेमा कुठे गेला, चार तुकडेच तर गेले,’ हा बचावही आता चालत नाही. तुकडे देणं म्हणजेही लोकांना कलाकृती उपलब्ध करून देणं, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने जून २०२१ मध्ये सांगून टाकलंय. तुमचा लॅपटॉप तर रात्रभर चालू होता.

नाव कसं कळलं, असंही तुम्ही विचारलंय. हक्कधारकांनी नेमलेल्या कंपन्या त्याच टॉरंटमध्ये शिरतात आणि समोर दिसणारा आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), तारीख, सेकंदापर्यंतची वेळ टिपून ठेवतात. मग न्यायालयाचा आदेश घेऊन इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचं नाव मिळवतात. पत्रात हा तपशील असेल. आधी तो ताडून पाहा. त्या वेळी तुम्ही खरंच घरी होता का? सिनेमा तोच आहे का?

आता पत्रातल्या मागण्या. त्या दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नका.

पहिली हमीपत्राची, आणि मुदतीचं महत्त्व आहे ते हिच्यामुळे. हमी गेलीच नाही, तर समोरचा न्यायालयातून तातडीचा मनाई हुकूम आणू शकतो, आणि तो खर्च या ९०० युरोंपेक्षा कितीतरी मोठा असतो. पण त्यांनी पाठवलेल्या नमुन्यावर डोळे मिटून सही करू नका. हे नमुने त्यांच्या सोयीचे असतात: कधी त्यात गुन्ह्याची कबुली दडलेली असते, कधी पैसे भरायचं वचन, कधी पुढच्या चुकीसाठी ठरावीक हजारो युरोंचा दंड. सही केली की हा करार वर्षानुवर्षं गळ्यात राहतो. म्हणून वकिलाकडून बदललेलं हमीपत्र करून घ्या: फक्त याच सिनेमापुरतं, जबाबदारी मान्य न करता पण कायद्याने बंधनकारक, आणि दंडाची रक्कम न्यायालयाला तपासता येईल अशी. ते मुदतीच्या आत पोचलं पाहिजे आणि पोचल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. पण ते पाठवण्याआधीच तो टॉरंट लॅपटॉपवरून काढून टाका. हमी दिल्यावर तोच सिनेमा पुन्हा वाटला गेला, तर कोणीही वाचवू शकणार नाही.

दुसरी मागणी पैशांची. इथे घासाघीस होते, बिनधास्त करा. खाजगी व्यक्तीची पहिलीच चूक असेल, तर हमीपत्राच्या मागणीसाठी त्यांच्या वकिलाची जी फी तुमच्याकडून घेतली जाते, ती १००० युरो दावामूल्य (ज्या रकमेवरून फी ठरते ती) धरूनच मोजावी, असं २०१३ पासून कायदाच सांगतो. म्हणजे तेवढी फी शे-दोनशे युरोंच्या घरात येते. उरतं ते नुकसानभरपाईचं, आणि तो आकडा बहुतेकदा वाटाघाटीत खाली येतो. हप्तेही मागता येतात.

रूममेटचं नाव पुढे करायचा विचार डोक्यात आला असेल, तर तो आत्ताच सोडा. सज्ञान रूममेटला आधी ताकीद देऊन ठेवायची जबाबदारी कनेक्शनवाल्यावर नाही, असं जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलंय, हे खरं. पण तो निकाल दुसऱ्याने केलेल्या उद्योगासाठी आहे. इथे केलंय तुम्ही. न्यायालयात खोटं सांगितलंत, तर आज दिवाणी असलेलं प्रकरण फौजदारी होईल.

वडिलांना सांगा, हे दिवाणी मागणीपत्र आहे. एवढ्यावरून कोणाचा राहण्याचा परवाना जात नाही. त्यांची भीती समजते. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात यासाठी ६ महिने ते ३ वर्षं कैदेची तरतूद आहे, पण आपली न्यायालयं ‘अशोक कुमार’ नावाच्या अज्ञात प्रतिवादीविरुद्ध आदेश काढून बहुतेकदा वेबसाइटच बंद करतात. घरच्या पत्त्यावर पत्र येतं हे सांगलीत कोणी पाहिलेलं नसतं. जर्मनीत मात्र हा अनेक वकिलांचा रोजचा धंदा आहे.

रूममेटचा ‘फेकून दे’ हा सल्ला मात्र महाग पडेल. त्यांच्या वकील फीची मागणी साधारण ३ वर्षांनी मुदतबाह्य होते, पण नुकसानभरपाईसाठी १० वर्षांपर्यंत मागे लागता येतं. तोवर तुम्ही दोन घरं बदललेली असाल. पुढे कधी पिवळं पाकीट आलं, तर ते न्यायालयाचं. पोस्टमन त्यावर तारीख लिहितो. आत पैसे भरण्याचा आदेश असेल, तर हरकत घ्यायला त्या तारखेपासून २ आठवडे मिळतात. पाकीटही जपून ठेवा, नुसतं आतलं पत्र नाही.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल, तर उद्याच जवळच्या स्थानिक न्यायालयात, म्हणजे आम्ट्सगेरिष्टमध्ये जा. उत्पन्न कमी असलेल्यांना तिथे सल्ल्यासाठी मदतपत्र मिळतं, मग वकिलाला तुम्ही द्यायचे फक्त १५ युरो. भाडेकरार, अलीकडची बँक स्टेटमेंट्स आणि म्युनिकचं पत्र सोबत न्या. तोवर त्या वकिलांना स्वतः फोन करू नका आणि ‘सॉरी, माझ्याकडून झालं’ अशी ईमेलही पाठवू नका.