अमेरिकेत काँडो (मालकीचे फ्लॅट) आणि एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) यांचे कायदे प्रत्येक राज्यात वेगळे का? सगळीकडे एकच कायदा का करत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासहून कोलोराडोला येताय, टाउनहाउस बघताय आणि एचओएचे नियम सगळे वेगळेच निघाले. मी डेन्व्हरजवळ राहतो, आमच्या एचओएच्या बोर्डावर आहे, म्हणून सांगतो.

घर-जमिनीचा कायदा इथे राज्यांच्या हातात आहे. १९६१ मध्ये काँग्रेसने एफएचएला (गृहकर्जांना विमा देणारी केंद्र सरकारची संस्था) काँडोच्या कर्जाला विमा द्यायची मुभा दिली आणि त्या दशकाच्या अखेरपर्यंत सगळ्या राज्यांनी आपापले काँडो कायदे करून टाकले, तिथूनच प्रत्येकाची वाट वेगळी झाली. एकसारखा मसुदा तयार आहे बरं का, युनिफॉर्म लॉ कमिशनने (राज्यांसाठी नमुना कायदे लिहिणारी संस्था) १९८२ मध्येच काँडो, को-ऑप (सहकारी मालकीच्या इमारती), एचओए सगळ्यांसाठी मिळून एक नमुना कायदा लिहिला, नंतर सुधारलाही, पण विधिमंडळाने मंजूर केला तरच तो लागू. कोलोराडो, कनेक्टिकट, नेवाडा, मिनेसोटा अशा मोजक्याच राज्यांनी घेतला, तोही आपापले बदल करून. टेक्सासने काँडोपुरता युनिफॉर्म कायदा घेतला, बंगल्यांच्या एचओएला तिथे वेगळाच कायदा.

आणि खरी मेख पुढेच आहे, एका राज्यातही सगळ्यांना एकच कायदा नाही! कोलोराडोचा कायदा १ जुलै १९९२ नंतरच्या वसाहतींना पूर्ण लागू, त्याआधीच्यांना त्यातली काही कलमंच. म्हणजे रस्त्याच्या या बाजूला एक नियम आणि समोरच्या बाजूला दुसरा असं होऊ शकतं. वॉशिंग्टनने २०१८ मध्ये नवा कायदा आणला तेव्हा तिथेही जुन्या वसाहती बाहेरच राहिल्या होत्या, पण २०२४ मध्ये त्यांनी ठरवलं की २०२८ पासून जुन्या-नव्या सगळ्या त्याच कायद्याखाली. मला हा रस्ता मनापासून पटतो, सगळ्या राज्यांनी हे करावं.

पार्किंग, कुत्री, दाराचा रंग हे ज्याचं त्याने ठरवावं, पण रिझर्व्ह फंड (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेले पैसे), हिशेब बघायचा हक्क आणि थकबाकीसाठी घर विकायला काढणं, एवढं तरी देशभर सारखं हवंच हवं. फ्लोरिडात सभासद मतदान करून रिझर्व्ह भरणं टाळू शकायचे, २४ जून २०२१ ला तिथल्या सर्फसाइड गावातली काँडो बिल्डिंग कोसळून ९८ माणसं गेली आणि त्यानंतर २०२२ मध्ये तीन मजली आणि त्यावरच्या काँडोंना तपासणी आणि रिझर्व्हचे कडक नियम आले. दुसऱ्या राज्यांनी आपल्याकडे तसं घडायची वाट का बघायची? कोलोराडोने २०२२ मध्ये नुसत्या दंडापोटी घर फोरक्लोज करणं, म्हणजे जप्त करून विकणं, बंद केलं, हेही सगळीकडे व्हायला हवं.

तुम्ही सध्या एवढं करा, डिक्लरेशन (वसाहत स्थापन करणारा दस्त) कधी रेकॉर्ड झालं ती तारीख बघा, कोणता कायदा लागू ते त्यावरून कळतं, बजेट आणि रिझर्व्ह स्टडी (पुढच्या दुरुस्त्यांना किती पैसे लागतील याचा अहवाल) मागा, आणि रियल्टर (घरांचा एजंट) काहीही म्हणो, मागच्या वर्षभराचे मीटिंगचे मिनिट्स (इतिवृत्त) स्वतः वाचा. आमच्याकडे छपरांचं काम निघालं त्याच्या कितीतरी आधीपासून स्पेशल असेसमेंटची (सभासदांकडून घेतली जाणारी जादा वर्गणी) चर्चा मिनिट्समध्ये होती.