कोलायटिस झाल्यावर तांबडा-पांढरा रस्सा कायमचा सोडावा लागतो का?

नाही, कायमचा नाही; पण आतड्याची सूज उफाळलेली असेल तेव्हा रस्सा, मिसळ, ठेचा पूर्ण बंद ठेवा. मला ९ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणारा, दीर्घकाळ चालणारा आजार) आहे आणि राहतो कोल्हापुरातच, त्यामुळे मोह काय असतो ते ठाऊक आहे. तिखटानं हा आजार होत नाही, पण सुजलेल्या आतड्याला ते झोंबतं, शौचाची घाई वाढते. त्या दिवसांत मी गुरगुट्या भात, मुगाचं पातळ वरण, साल काढून शिजवलेला दुधी आणि पिकलं केळं यावर राहतो. मटकी, कच्चा कांदा नको. आराम पडला की एका वेळी एकच पदार्थ सुरू करा नि वहीत लिहा: काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं. माझ्या वहीनुसार पांढरा रस्सा अर्धी वाटी सोसतो, मिसळीचा कट अजिबात नाही. तुमचं वेगळं निघेल. मात्र पथ्यानं त्रास कमी होतो, औषधाची जागा ते घेत नाही. बरं वाटलं म्हणून मेसालामिनची (आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारी) गोळी स्वतःहून थांबवू नका, आणि रक्त पडलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.