वरच्या फ्लॅटमधून गळती झाल्यास दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा?

आपल्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकते आहे आणि वरचे फ्लॅटधारक व सोसायटी एकमेकांकडे बोट दाखवत आहेत, असे आपण लिहिले आहे. खर्च साधारणपणे गळतीच्या उगमावर ठरतो. ओल कोणाच्या घरात दिसते यावर नाही. वरच्या बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीवरील पाणी वाहून जाण्याचा जाळीचा सापळा) किंवा केवळ त्याच फ्लॅटसाठी असलेली नळजोडणी सदोष असेल, तर खर्च त्या मालकाचा. मात्र अनेक मजल्यांना जोडणारा उभा पाइप, गच्ची किंवा बाहेरची भिंत कारणीभूत असेल, तर तो पाइप एखाद्याच्या फ्लॅटमधून जात असला तरीही, खर्च सामाईक निधीतून व्हायला हवा.

म्हणून वाद घालण्यापूर्वी उगम शोधावा. पाणी अखंड ठिबकत असल्यास दाबाखालील पुरवठ्याच्या पाइपची, वरच्या वापरानंतरच ठिबकत असल्यास सांडपाण्याच्या पाइपची किंवा लादीची, आणि फक्त पावसात ओल येत असल्यास बाह्य भिंतीची शंका घ्यावी. वरच्या बाथरूमची मोरी बंद करून रंगीत पाणी दिवसभर साठवून ठेवल्यास लादीचा दोष बहुधा उघड होतो. ही तपासणी दोन्ही पक्षांसमोर, तटस्थ प्लंबरकडून करून घ्यावी, कारण एकतर्फी अहवाल सहसा कोणी मानत नाही.

आपल्या छताचे व रंगाचे नुकसानही बहुतेकदा दोषी पक्षाकडून मागता येते. परंतु त्यासाठी तारखेसह छायाचित्रे आणि लेखी सूचना आजच द्यावी. खालून केवळ गिलावा करून घेऊ नये. त्याने पाणी थांबत नाही, स्लॅबमधील सळया मात्र गंजत राहतात.